गस्तवाल्याची झोळी आणि नारिंगी बंडी

आगगाडीच्या खिडकीशी बसलेला प्रवासी शेते पाहतो, नद्यांचे पूल पाहतो, घाट आला की पोराबाळांना धबधबे दाखवतो. पण रुळांपासून चार हात दूर उभा असलेला आणि गाडी निघून जाईपर्यंत जागचा न हलणारा जो माणूस असतो, त्याच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. गाडी धडधडत पुढे गेली की तो पुन्हा रुळांत उतरतो आणि चालू लागतो. हल्ली त्याच्या अंगात झगझगीत नारिंगी बंडी असते, त्यामुळे निदान क्षणभर तरी तो नजरेत भरतो. त्याच्या आज्याच्या वेळी ती बंडी नव्हती. खांद्यावरची झोळी मात्र होती.

आज तुम्हांला या दोन वस्तूंची हकीकत सांगायची आहे. दोन्ही रेल्वेच्या कोठारातून मिळतात, दोन्ही अंगावर घेऊनच माणूस कामावर निघतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की दोन्ही एकाच कामाच्या. पण तसे नाही बरे. झोळीतले जवळजवळ सगळे सामान गाडी वाचवण्यासाठी आहे. बंडी आहे ती माणूस वाचवण्यासाठी. आणि पहिलीनंतर दुसरी यायला शंभरांहून अधिक वर्षे जावी लागली.

सुरुवातीपासून पाहू. इंग्लंडात लिव्हरपूल ते मँचेस्टर हा लोहमार्ग १५ सप्टेंबर १८३० रोजी सुरू झाला. उद्घाटनाच्या त्याच दिवशी विल्यम हस्किसन नावाचे पार्लमेंटचे एक सभासद गाडीतून उतरून रुळांवर उभे होते. शेजारच्या रुळावरून ‘रॉकेट’ इंजिन आले, त्यांना वेळेवर बाजूला होता आले नाही, आणि त्याच रात्री ते वारले. रुळावरचा माणूस आणि येणारी गाडी यांची गाठ कशी पडते, हे जगाला पहिल्याच दिवशी कळले म्हणायचे. त्या काळी खांबांवरचे सिग्नल नव्हते. वाटेवर ठिकठिकाणी रेल्वेचे शिपाई उभे असत आणि हातवारे करून ड्रायव्हरला ‘ये’ किंवा ‘थांब’ सांगत. मग हातात बावटा आला, रात्रीसाठी कंदील आला.

पण धुक्यात बावटाही दिसत नाही आणि कंदीलही दिसत नाही. मग काय करायचे? एडवर्ड काउपर नावाच्या इंग्रज इंजिनियराने १८४१ मध्ये यावर तोड काढली. त्याने पत्र्याच्या चपट्या डबीत स्फोटक दारू भरली आणि डबीला शिशाच्या दोन पट्ट्या जोडल्या. त्या पट्ट्या वाकवून डबी रुळाच्या माथ्यावर बसवायची. इंजिनाचे चाक तिच्यावरून गेले की ठो करून आवाज होतो. डोळ्यांना दिसले नाही तरी कानांना ऐकू येते, आणि ड्रायव्हर समजतो की पुढे धोका आहे. आपल्याकडचे रेल्वेचे लोक त्याला सरळ ‘फटाका’ म्हणतात. पावणेदोनशे वर्षे उलटून गेली, पण हा फटाका झोळीतून अजून हद्दपार झालेला नाही.

कंदिलाची एक गोष्ट शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी. पूर्वी पांढऱ्या उजेडाचा अर्थ ‘जा’, हिरव्याचा ‘जपून’ आणि लालचा ‘थांब’ असा होता. आता गंमत पाहा. लाल काच फुटली तर आतला दिवा कोणत्या रंगाचा दिसणार? पांढरा! म्हणजे जिथे थांबायचे तिथे ‘खुशाल जा’ असा निरोप मिळणार. ही गफलत लक्षात आली तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढऱ्याचा मान काढून घेतला गेला आणि ‘जा’साठी हिरवा रंग ठरला.

आपल्या देशात पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली हे तुम्हांला पाठ असेल. दहा वर्षांनी, १८६३ मध्ये, भोर घाटातून गाडी पुण्याच्या बाजूला चढली. विलायतेहून रूळ आले, इंजिने आली, त्यांबरोबर नियमांची पुस्तकेही आली आणि बावटा, कंदील, फटाके हा सरंजामही आला. पण विलायतेत शत्रू होते धुके, आणि इथे शत्रू निघाला पाऊस. सह्याद्रीचा पाऊस तुम्हांला मी काय सांगावा! एका रात्रीत ओढा भरावाची माती धुऊन नेतो आणि रूळ शिडीसारखे अधांतरी लोंबत राहतात. डोंगर कापून केलेल्या वाटेवर दरड येते, एखादाच धोंडा येतो, पण गाडी रुळांवरून उतरवायला तो पुरतो. म्हणून पावसाळ्याची गस्त सुरू झाली, आणि झोळीचा खरा उपयोग या गस्तवाल्याला.

चला, त्याची झोळी उघडून पाहू. रेल्वेच्या नियमांत तिची यादीच दिलेली आहे. लाल बावटे दोन, हिरवा बावटा एक. लाल, हिरवा आणि पांढरा असा तिन्ही रंगांचा उजेड दाखवणारे हातकंदील दोन. पत्र्याच्या डबीत बंद केलेले दहाबारा फटाके. डबी अशासाठी की दारूला ओल लागू नये. शिट्टी, विजेरी, आगपेटी. हातात काठी. आणि सहा इंच लांबीरुंदीची एक पाटी, तिच्यावर त्या गस्तवाल्याचा नंबर. पूर्वी कंदील घासलेटचे असत, काच फिरवली की रंग बदले. वारा आला की वातीला जपावे लागे. आता त्यांच्या जागी बॅटरीचे दिवे आले आहेत. बाकी यादी आजोबांनी पाहिली तर त्यांना ओळखू येईल.

आता कोणी विचारील, बावटे आणि कंदील दोन-दोन कशाला? एकाने भागणार नाही का? याचे उत्तर नियमातच आहे. समजा, कोकणातली एकेरी वाट आहे. रात्रीचे दोन वाजले आहेत, पाऊस कोसळतो आहे आणि गस्तवाल्याला रुळांवर दरड दिसली. एकेरी वाट म्हणजे गाडी कोणत्याही बाजूने येऊ शकते. तेव्हा त्याने पहिला कंदील लाल करून तिथेच ठेवायचा. दुसरा लाल कंदील हातात घेऊन, ज्या बाजूने आधी गाडी यायची आहे त्या बाजूला धावत सुटायचे. ६०० मीटरांवर रुळावर एक फटाका बसवायचा. तिथून पुढे धावायचे आणि १२०० मीटरांवर आणखी तीन फटाके, दहा-दहा मीटरांच्या अंतराने. मग परत फिरायचे आणि दुसऱ्या बाजूला हेच सगळे पुन्हा. एका बाजूचे चार, दुसऱ्या बाजूचे चार; म्हणजे आठ फटाके झाले. झोळीतला हिशेब कसा नेमका जुळतो पाहा.

हे १२०० मीटर कुठून आले? भरधाव गाडीला ब्रेक लावला तरी ती जागच्या जागी थांबत नाही, चांगली किलोमीटरभर घसटत जाते. ताशी १०८ किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ३० मीटर अंतर तोडते. मुलांकडून हे गणित फळ्यावर करून घ्या. म्हणजे १२०० मीटर तिला चाळीस सेकंदांचे. आणि तेवढेच अंतर तुडवायला आपल्या गस्तवाल्याला? त्याच्या गस्तीचे वेळापत्रक आखताना चालीचा वेग ताशी तीन किलोमीटर धरतात. त्या चालीने १२०० मीटरांना चोवीस मिनिटे लागतात. धोका दिसल्यावर तो चालणार नाही, धावेल, हे खरे. पण खडीवरून, अंधारात, पावसात माणूस धावून धावून किती धावेल?

नंबराच्या पाटीचा उपयोगही सांगतो. गाडी जवळ आली की गस्तवाल्याने रुळांबाहेर, कडेच्या पायवाटेवर उभे राहायचे, पाटी किंचित गाडीकडे कलती धरायची आणि कंदिलाचा उजेड तिच्यावर पाडायचा. इंजिन आणि शेवटचा डबा समोरून जाताना शिट्टी वाजवायची. म्हणजे गाडीतल्या लोकांना कळते की या टप्प्यावरचा माणूस झोपलेला नाही, जागा आहे. हद्द संपली की पलीकडचा गस्तवाला भेटतो, दोघे गस्तीच्या वह्यांची अदलाबदल करतात आणि आपापल्या वाटेने माघारी वळतात. कागदावर रात्रीचा हिशेब राहतो. हल्ली या वहीच्या जोडीला जागा दाखवणारी जीपीएसची यंत्रेही गस्तवाल्यांना देऊ लागले आहेत.

पण या सगळ्यात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? अंधारात दिसायचे कोणी, तर पाटीने! पाटीवर उजेड पाडायचा, माणसावर नव्हे. बावटा दिसला पाहिजे, कंदील दिसला पाहिजे, फटाका ऐकू आला पाहिजे. माणूस दिसलाच पाहिजे असे कोणाच्या मनात आले नव्हते. त्याच्या अंगावर खाकी नाही तर निळा मळखाऊ कपडा, आणि पावसात वर घोंगडे किंवा काळे मेणकापड. खडीच्या आणि मातीच्या रंगात तो मिसळून जाई. लाल सदरा द्यावा तर तीही पंचाईत. स्टेशनातल्या हमालाला लाल सदरा शोभतो, पण मोकळ्या रुळावर लाल रंग म्हणजे ‘थांब’. माणसांना लाल कपडे घातले तर ड्रायव्हरने बावटा कोणता आणि सदरा कोणता हे कसे ओळखायचे? म्हणून रुळावरच्या माणसाने स्वतःच जपायचे, कानोसा घ्यायचा आणि गाडी आली की बाजूला व्हायचे, अशी रीत पडली.

वाफेचे इंजिन होते तोवर ही रीत कशीबशी चालली. ते इंजिन कोसभरावरून आपली वर्दी देई. धूर दिसे, धापा ऐकू येत. विजेची गाडी तशी नाही. ती चालीने वेगवान आणि आवाजाने शांत. आपल्याकडे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी धावली. शहराला मोठा आनंद झाला, आणि तो योग्यच होता. पण रुळात वाकून पहार मारणाऱ्या माणसाचा एक जुना सोबती, म्हणजे तो धापांचा आवाज, त्या दिवसापासून त्याला सोडून जाऊ लागला. त्यातून पावसाळा. डोक्यावर रेनकोटाची टोपी, वर सरींचा मारा. अशा वेळी मागून येणारी गाडी ऐकू येईलच याचा भरवसा काय?

या प्रश्नाचे उत्तर स्कॉटलंडात सापडले. ग्लासगो शहराच्या दक्षिण भागात विजेच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. १९६४ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या स्कॉटिश विभागाने पोलकशील्ड्स ते एग्लिंटन स्ट्रीट या टप्प्यावर काम करणाऱ्यांना झगझगीत नारिंगी बंड्या दिल्या. प्रयोग म्हणूनच दिल्या. त्यांना नावही मोठे गोड पडले, ‘फायरफ्लाय’ म्हणजे काजवे! मग त्या वाटेने जाणाऱ्या ड्रायव्हरांनाच विचारले की, बाबांनो, माणसे लवकर दिसतात का? मला या प्रयोगात हेच फार आवडते. साहेबाने कचेरीत बसून ठरवले नाही; ज्याच्या डोळ्यांवर माणसाचा जीव अवलंबून, त्याला विचारले. दुसऱ्याच वर्षी, १९६५ मध्ये, लंडनहून वायव्येकडे जाणाऱ्या विजेच्या जलद मार्गावरच्या कामगारांनाही अशाच बंड्या मिळू लागल्या. पुढे रस्त्यांवरचे मजूर, बंदरांवरचे खलाशी, पोलीस, सगळ्यांनीच त्या उचलल्या. तेव्हा आज रस्त्यावर डांबर टाकणाऱ्याच्या अंगावर जी बंडी दिसते, तिचे माहेर रेल्वेतले आहे.

रंग एवढा झगझगीत का दिसतो हे आता थोडक्यात सांगतो. उन्हात आपल्याला दिसणाऱ्या उजेडाखेरीज न दिसणारे किरणही असतात, त्यांना जंबुपार किंवा अतिनील किरण म्हणतात. साध्या रंगाला त्यांचा काही उपयोग नसतो. पण काही रंगद्रव्ये ते न दिसणारे किरण गिळतात आणि दिसणाऱ्या उजेडाच्या रूपाने परत टाकतात. म्हणजे कपड्यावर जेवढा उजेड पडला त्याहून अधिक उजेड बाहेर आलासा वाटतो. धुण्याच्या पावडरीने पांढरा सदरा नव्यासारखा दिसतो, त्यातही हीच युक्ती असते. ढगाळ दिवशी किंवा तिन्हीसांजेला, जेव्हा साधे रंग मंदावतात, तेव्हा हा रंग उठून दिसतो. शाळेत करून पाहण्यासारखे आहे: दिवेलागणीला एक साधा लाल कपडा आणि एक असली बंडी शेजारी शेजारी टांगा. लाल कपडा आधी काळपट होतो, बंडी बराच वेळ टिकते.

हे रंग बनवले अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रॉबर्ट आणि जोसेफ स्विट्झर या दोघा भावांनी. त्यातही योगायोग पाहा. १९३३ मध्ये तरुण रॉबर्ट रेल्वेच्या यार्डात टोमॅटोच्या पेट्या उतरवताना पडला, डोक्याला मार लागला आणि दृष्टी अधू झाली. बरे होईपर्यंत अंधाऱ्या खोलीत राहणे आले. वडिलांचे औषधांचे दुकान होते; तिथल्या बाटल्यांवर अतिनील दिवा धरून कोणती द्रव्ये चमकतात याचा शोध दोघा भावांनी घेतला. जादूच्या खेळांसाठी म्हणून हा उद्योग सुरू झाला, आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांना आपले सैन्य ओळखता यावे म्हणून असल्या रंगाचे कापड जमिनीवर अंथरू लागले.

मात्र रात्री ऊन नाही, तेव्हा हा रंगही नाही. म्हणून बंडीवर रुपेरी पट्टे शिवतात. त्यांत काचेचे बारीक मणी असतात. उजेड ज्या बाजूने येईल त्याच बाजूला ते तो परत पाठवतात. इंजिनाचा मोठा दिवा पडला की पट्टे थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांत चमकतात. मळ बसला, चिखल सुकला की मात्र पट्टेही आंधळे होतात. तेव्हा अशी बंडी घरी आली तर ती जपून धुवावी; ती मळकी राहिली तर तिचा अर्धा गुण गेला.

आपल्याकडे ही बंडी सगळीकडे पोचायला पुष्कळ वर्षे लागली. गँगमनचा ट्रॅकमन झाला, ट्रॅकमनचा ट्रॅक मेंटेनर झाला. नावे बदलत गेली, पहार आणि फावडे मात्र तेच. अलीकडच्या वर्षांत हलकी अवजारे, बूट, हेल्मेट, पाठीवरची पिशवी आणि पट्ट्यांची बंडी असा संच देण्याकडे रेल्वेने लक्ष दिले आहे. सामानाच्या बाबतीत गार्डाचीही एक कथा आहे. त्याची ती लोखंडी पेटी, नाव रंगवलेली, हमालाने डोक्यावरून ब्रेकच्या डब्यात चढवायची. तिच्यात बावटे, दिवा, फटाके, नियमांचे पुस्तक, सगळा संसार. २०१८ च्या सुमारास पेटीऐवजी चाकांच्या बॅगेचे प्रयोग सुरू झाले, आणि जानेवारी २०२२ पासून गार्डाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणू लागले. चाकांची बॅग फलाटावर ठीक. पण फलाट संपल्यावर खडीवर तिची चाके काय कामाची, हे गार्डांचे म्हणणे मला रास्त वाटते.

असो. मूळ मुद्द्याकडे येतो. बंडी आली म्हणून माणूस वाचला का? डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये रेल्वेच्या सुरक्षिततेवर अहवाल दिला. ऑक्टोबर २००७ ते ऑक्टोबर २०११ या चार वर्षांत कामावर असताना सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी मरण पावले, असा आकडा त्यात आहे. म्हणजे दिवसाला एकाहून अधिक. गाडी घसरली तर वर्तमानपत्रात मोठा मथळा येतो. यांतली बहुतेक माणसे एक-एक करून गेली, त्यांची चार ओळींची बातमीसुद्धा क्वचित आली असेल. आणि १३ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे आपल्या नाशिक जिल्ह्यात लासलगावजवळ रुळांवर काम करणारे चार जण टॉवर वॅगनच्या, म्हणजे विजेच्या तारांची देखभाल करणाऱ्या गाडीच्या, धडकेत ठार झाले.

बंडी ड्रायव्हरला माणूस दाखवते. पण मघाचे गणित आठवा: ड्रायव्हरला माणूस ६०० मीटरांवरून दिसला तरी हाती वीसच सेकंद उरतात. त्याने भोंगा वाजवायचा, याहून अधिक तो काय करणार? बाजूला माणसानेच व्हायचे आहे. तेव्हा माणसालाही गाडी कळली पाहिजे. यासाठी टोळीबरोबर एक माणूस नुसता पहाऱ्याला उभा करतात. त्याने पहार धरायची नाही, फावडे धरायचे नाही, शिट्टी तोंडात आणि डोळे वाटेवर. टोळीत माणसे कमी असली की पहिल्यांदा याच्याच हातात फावडे जाण्याचा धोका असतो. ‘रक्षक’ नावाचे बिनतारी यंत्रही काही मार्गांवर दिले जाते. गाडी येऊ लागली की ते टोळीजवळ आवाज करते. म्हणजे ऐकू येण्याची जी सोय वाफेच्या इंजिनाबरोबर गेली होती, ती आता यंत्राने परत आणावी लागत आहे.

कोकण रेल्वेच्या, म्हणजे रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतच्या वाटेवर २६ जानेवारी १९९८ पासून सलग गाड्या सुरू झाल्या. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरून पन्नासाच्या आसपास माणसे दगावली, तर पुढच्याच वर्षी १६ जून २००४ रोजी करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. तेव्हापासून डोंगरांना जाळ्या ठोकल्या, पावसाळ्याचे वेळापत्रक वेगळे केले, गाड्यांचा वेग उतरवला आणि नाजूक ठिकाणी अहोरात्र पहारा बसवला. त्या पहारेकऱ्यांच्या अंगावर बंडीही आहे आणि खांद्यावर झोळीही आहे. मोबाईलला दऱ्याखोऱ्यांत आणि बोगद्यांत आवाज मिळेलच असे नाही. फटाक्याला आवाजासाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही.

तुमचे गाव लोहमार्गाला लागून असेल तर एवढे ध्यानात ठेवा. भराव खचलेला दिसला, रूळ तुटलेला दिसला, झाड पडलेले दिसले, तर जवळचा फाटकवाला किंवा स्टेशन मास्तर यांना ताबडतोब गाठा. १३९ या क्रमांकावरही कळवता येते. तेवढ्यात गाडी येताना दिसली तर रुळांबाहेर उभे राहून दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच धरा, लाल कापड असेल तर ते हलवा. रात्री असेल तो दिवा जोरजोराने हलवा. ड्रायव्हर या खुणा जाणतो. आणि मुलांना सांगा, रुळांकडेला दोन पट्ट्यांची पत्र्याची चपटी डबी सापडली तर ती उचलू नका, दगडाने ठेचू नका; फाटकवाल्याला दाखवा, तो ती आपल्या डबीत ठेवील.